ओळख बाकी

कापडबाजाराच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याखालच्या कोनाड्यात व्यापारी मंडळाचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि एक पंखा. पंखा तीनवर फिरत नसे, दोनवर कुरकुरत असे आणि एकवर नुसता विचार करत बसे. तिथे चिटणीसबाई एकोणीस वर्षं नोकरी करत होत्या. मंडळाच्या सभासदांबद्दल त्यांचं मत पहिल्याच वर्षी बनलं होतं, आणि ते बदलावं असं सभासदांनी पुढच्या अठरा वर्षांत काही केलं नव्हतं.

सभासद चार. तळमजल्यावर कापडशेठ. हे मंडळाचे कायमचे अध्यक्ष, कारण त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवायचं यावर बाकीच्या तिघांचं एकमत कधी झालं नाही. पहिल्या मजल्यावर बटणवाले काका. बटण, हूक आणि चेन यांच्यापलीकडे जगात काही आहे याचा त्यांना पत्ता नव्हता, पण मत प्रत्येक गोष्टीवर होतं. मागच्या आवारात टेम्पोवाले, सगळ्यांचा माल पोचवणारे. ते 'निघालोच' म्हणाले की अजून अंघोळ व्हायची आहे असं समजायचं. आणि दुसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला, जिन्याला लागून, दोरेवाला. त्याला बाई मनातल्या मनात 'चिकट' म्हणत. सभेत हा माणूस तोंड उघडत नसे, मंडळाचं पत्र तीनदा वाचल्याशिवाय सही करत नसे, आणि धागा संपल्यावर रिकामी रिळं गिऱ्हाइकाकडून आठवणीने परत मागत असे. बाकीचे तिघे निदान उघड मूर्ख होते. ह्याच्या पोटात काय आहे ते कळायचं नाही, म्हणून बाईंचा सगळ्यात जास्त राग ह्याच्यावर.

दोन वर्षांपूर्वी या चौघांना एकाच वेळी आधुनिक व्हायची हुक्की आली. काउंटरवरची विक्री बंद, ऑर्डरी फक्त ऑनलाइन. पण एकाने दुसऱ्याला विचारलं असतं तर नाक कापलं गेलं असतं, म्हणून चौघांनी चार वेगळी पोर्टलं करून घेतली. कापडशेठचं जावयाने केलं. त्यात पासवर्ड बारा अक्षरी लागे, तो दर पंधरा दिवसांनी बदलावा लागे, आणि जावयाचं काम म्हणून त्याला नाव ठेवायची सोय नव्हती. बटणवाल्यांचं पुतण्याने केलं. ते गिऱ्हाइकाला त्याच्या बालपणाबद्दल प्रश्न विचारी. टेम्पोवाल्यांचं मेव्हण्याने केलं. त्यात मोबाइलवर येणारा कोड तीस सेकंदांत बाद होई आणि यायला चाळीस सेकंद लागत. चिकटने कुठूनतरी फुकटचं उचललं होतं, त्यात आत शिरण्याआधी दोन जाहिराती बघाव्या लागत. एक ना धड, भाराभर चिंध्या.

या चारही दारांवर डोकं आपटून घेणारा एक माणूस बाईंच्या घरातच होता. त्यांचे थोरले भाऊ, दादा. दादा शिंपी. आईवडील गेले तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या आणि दादा एकोणीसचे. शिवणयंत्रावर वाकून वाकून त्यांनी बहिणीला शाळेत घातलं, मग कॉलेजात घातलं, आणि स्वतःच्या लग्नाचं 'बघू, बघू' करत राहिले ते राहिलेच. बाईही लग्न न करता राहिल्या. घरात दोघंच. दादा त्यांना अजून 'ठके' म्हणत. हे नाव बाजारात कोणाला कळलं असतं तर बाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला असता. बाकी त्या दोघांचं नातं अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. दादा त्या इमारतीत बत्तीस वर्षं येत होते.

दादांना पासवर्ड लक्षात राहत नसत. कापणीच्या टेबलावर हाताशी जे असेल त्यावर ते खडूने लिहून ठेवत. एकदा हाताशी कापडच होतं. पासवर्ड लिहिला, तासाभराने त्याच कापडावर कात्री चालवली, आणि संध्याकाळी बाई घरी आल्यावर पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "ठके, अर्धा पासवर्ड डाव्या बाहीत गेला गं."

"आणि उरलेला?"

"तो पाठीवर होता. पण पाठ मी झटकली."

बटणवाल्यांच्या पोर्टलची तऱ्हा निराळी. त्याने विचारलं, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? दादांनी आयुष्यात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे 'नाही' असं लिहिलं. पोर्टल म्हणालं, उत्तर फार लहान आहे. मग त्यांनी 'अजिबात नाही' असं लिहिलं आणि ते मान्य झालं. महिन्याभराने पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा दादांना आपण 'अजिबात' म्हणालो होतो की 'मुळीच' ते आठवेना. तीन चुका झाल्या आणि खातं आठ दिवस बंद पडलं. बाई हसल्या नाहीत. खाली जाऊन त्यांनी बटणवाल्यांना चार शब्द सुनावले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुरक्षा म्हणजे सुरक्षा, बाई. उद्या कोणीही येऊन दादा म्हणून आमची बटणं नेईल."

सगळ्यात चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. दादा कापडशेठच्या दुकानासमोर उभे राहत. काचेपलीकडे मांडणीवर त्यांना हवा असलेला तागा दिसत असे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. शेठ गल्ल्यावरून हाक मारत, "काय दादा, बरं चाललंय ना? गुडघा काय म्हणतो?" दादा म्हणत, "शेठ, तेवढा तो निळा काढून द्या की." आणि शेठ हात जोडत. "ऑनलाइन टाका ना, दादा. सिस्टीम तुम्हाला ओळखत नाही तोवर आमचे हात बांधलेले." बत्तीस वर्षं ज्याच्या हातून विजारी शिवून घेतल्या त्याला हा माणूस हे ऐकवत होता, आणि तेही दादांनीच शिवलेली विजार घालून.

दादांचं पोट एका हॉस्पिटलवर चालत होतं. तिथल्या नर्सांचे गणवेश ते अकरा वर्षं शिवत होते. फिकट निळा रंग हॉस्पिटलने ठरवून दिलेला, आणि तो मिळे फक्त कापडशेठकडे. मागच्या खेपेला कापडाचं खातं बंद, ते उघडेपर्यंत बटणांचं बंद, असं होत होत गणवेश नऊ दिवस उशिरा पोचले. मेट्रन बाई चांगली होती. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "दादा, या वेळी चाळीस आहेत, तीन आठवडे आहेत. पुन्हा उशीर झाला तर मला वरच्यांना तोंड दाखवता येणार नाही. ते कारखान्याचे तयार घ्या म्हणतायत." दादांनी घरी येऊन हे सांगितलं आणि नंतर जेवले नाहीत.

बाईंनी तेव्हा ठरवलं की या चार दारांचं एक दार करायचं.

एका सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी त्यांनी शोधून काढली आणि तिला मंडळाच्या सभेत उभं केलं. पोरगी हुशार होती, सोपं बोलली. गिऱ्हाइकाची ओळख एकदाच पटवायची. एक नाव, एक पासवर्ड, आणि त्यावर चारही दुकानं उघडतात. प्रत्येकाचे भाव, प्रत्येकाचा माल, प्रत्येकाची गिऱ्हाइकांची यादी ज्याची त्याच्याकडेच राहते. एखादा लबाड एका दुकानात पकडला गेला तर चारही दुकानं त्याला तिथल्या तिथे बंद. आणि चार मोडकी कुलुपं सांभाळण्यापेक्षा चौघांनी मिळून एक मजबूत सांभाळणं कधीही बरं.

मग बटणवाले काका म्हणाले, "म्हणजे कापडशेठने पाठवलेल्या माणसाला मी ओळखायचं?"

"हो," मुलगी म्हणाली.

"मी कापडशेठलाच ओळखत नाही," काका म्हणाले. ते दोघे वरखालचे शेजारी होते आणि सहा वर्षं बोलत नव्हते, तरी सभेत एकमेकांबद्दल बोलायला त्यांना हरकत नसे.

शेठना वेगळीच शंका होती. "आमच्या जावयाचं पोर्टल काय वाईट आहे?"

यावर मुलगी काही बोलणार होती. बाईंनी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. "शेठ, खाली फाटकावर पहारेकरी किती आहेत?"

"एक."

"चार दुकानांना चार का नाहीत? तो एकटा सगळ्यांची माणसं आत सोडतो ना? तेव्हा तुमचं काही लुटलं जात नाही. मग इथेच काय बिघडतंय?"

"मला तर तो एकही नको होता," काका म्हणाले.

टेम्पोवाल्यांनी जांभई दिली आणि विचारलं, "खर्च कमी होईल का?" होईल, असं मुलीने सांगितलं. त्याबरोबर सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. गिऱ्हाइकाचे हाल, वेळ, अब्रू, यातलं काहीही त्या डोक्यांत शिरलं नव्हतं. खर्च हा शब्द मात्र न ठोठावता आत गेला. बाईंना हसूही आलं आणि किळसही आली. ह्यांच्यापुढे शहाणपण सांगणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, हे त्यांना एकोणीस वर्षं माहीत होतं. तरी दर वेळी नव्याने संताप येई.

मग नियम ठरायला लागले आणि चौघांची खरी जात दिसली. गिऱ्हाईक नवं असो की जुनं, नव्या दारातून आत येताना कोणीतरी त्याची एकदा ओळख द्यायची. चार दुकानदार आणि चिटणीस, या पाचांपैकी कोणीही एक. एकाने दिली की चौघांना मान्य. हे ठीक होतं. पण शेठ म्हणाले, जो ओळख देईल तो जबाबदार. गिऱ्हाइकाने गडबड केली तर त्याला धरायचं. लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुसरा फसलेला दिसत होता.

आणि शेवटचा नियम बाईंचा स्वतःचा. त्यांनी तो सुचवला, त्यांनीच लिहिला. कोणीही आपल्या नातेवाइकाची ओळख द्यायची नाही. ओळख देणाऱ्याने 'ही व्यक्ती माझी नातेवाईक नाही' या वाक्यापुढे खूण करायची, आणि एकदा केलेली नोंद पुसता येणार नाही. कारणही तसंच होतं. शेठनी आपले साडू घाऊक व्यापारी म्हणून घुसवले होते, काकांनी भाचा, टेम्पोवाल्यांनी तर एक चुलत सासरा, जो गेल्या वर्षी वारला होता आणि तरी माल मागवत होता. बाईंनी तो नियम मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा तिघांचे चेहरे उतरले. नोकरीतला सगळ्यात गोड दिवस कोणता, असं कोणी विचारलं असतं तर बाईंनी त्याच दिवसाचं नाव घेतलं असतं. चिकट नेहमीप्रमाणे काही बोलला नाही. त्याने नियमांचा कागद तीनदा वाचला आणि सही केली.

सोमवारी नवं दार सुरू झालं, जुनी चारही बंद झाली. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी बाईंनी दादांचा अर्ज स्वतः भरून दिला. एकच पासवर्ड, तोही दादांना आवडेल असा, त्यांच्या पहिल्या शिवणयंत्राच्या नंबराचा. दादा हरखले. "हा मला खडूने लिहावा लागणार नाही," म्हणाले. अर्ज पाचही जणांच्या यादीत गेला आणि त्यापुढे लाल अक्षरांत 'ओळख बाकी' असं आलं.

"हे उद्या सकाळी होईल," बाई म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत तू उघडायला जाऊ नकोस. तीनदा चुकलास तर इथेही कुलूप पडतं."

कापडाची ऑर्डर गुरुवारी पाचच्या आत जायला हवी होती. त्यांच्या वस्तीकडे टेम्पो आठवड्यातून एकदाच येई, शुक्रवारी सकाळी. हा शुक्रवार चुकला तर अख्खा आठवडा गेला, आणि आठवडा गेला की चाळीस गणवेश वेळेत होणं शक्य नव्हतं. दादांनी बोटांवर दिवस मोजून हे दोनदा सांगितलं. बाईंनी त्यांना निर्धास्त झोपायला सांगितलं. बाजारात तुला न ओळखणारा एक माणूस दाखव, असं त्या म्हणाल्या होत्या.

गुरुवारी साडेदहाला त्यांनी यादी उघडून बघितली. ओळख बाकी. मग त्या उठल्या आणि खाली गेल्या.

कापडशेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "दादांची ओळख? बाई, हे विचारायचं का असतं? घरचा माणूस!"

"मग देता ना?"

"देतो ना! फक्त आधी दुसऱ्या कोणाला तरी देऊ दे. अध्यक्षानेच पहिली खूण केली तर लोक म्हणतील, चिटणीसबाईंच्या भावाला वशिल्याने आत घेतला. तुमच्या नावाला बट्टा नको."

बाईंनी त्यांच्या विजारीकडे पाहिलं आणि त्या पहिल्या मजल्यावर गेल्या.

काका म्हणाले, "जबाबदारीचं कलम आहे ना, बाई. दादा देवमाणूस, पण कात्री चालवणाऱ्याचं काय सांगावं, उद्या हात चुकला तर बटणांचा भुर्दंड माझ्यावर. शेठनी दिली का? नाही? मग मी कसा देऊ? आणि शेठनी दिली असेल तर मला द्यायची गरजच काय?"

टेम्पोवाले टेम्पोच्या पुढच्या सीटवर आडवे होते. "देतोच," म्हणाले. बाई दुपारी पुन्हा गेल्या तेव्हाही ते "देतोच" म्हणाले. साडेतीनला गेल्या तेव्हा तिथे टेम्पो नव्हता.

तीन मजले, तीन खेपा. बाईंच्या पायांत गोळे आले. बत्तीस वर्षं ज्याला हाका मारल्या, ज्याच्या गुडघ्याची चौकशी केली, त्याच्यासाठी एक बोट उचलायचं तर ह्यांच्या अंगावर काटा येतो! तोंडओळख तेवढी जन्मभर पुरवतील, ओळख द्यायची वेळ आली की पाठ फिरवतील. एकही माणूस नाही या इमारतीत, असं त्या जिना चढताना मोठ्याने म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावर टोकाला चिकटच्या दुकानाचं दार उघडं होतं. आत तो रिळांच्या ढिगामागे खाली मान घालून बसला होता. बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांना वाटलं, ज्यांना तोंड आहे त्यांनी ही तऱ्हा केली, ह्याच्यापुढे पदर काय पसरायचा. हा तर अर्ज तीनदा वाचेल आणि चौथ्यांदा वाचायला घरी नेईल. त्या तशाच वर गेल्या.

ऑफिसात दादा येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्मा, मांडीवर सामानाची यादी. निळं कापड, पांढरी बटणं, निळा दोरा, शुक्रवारचा टेम्पो. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होऊन गेले होते.

"झालं का गं?"

"होतंय," बाई म्हणाल्या.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर सकाळपासून उघडं ठेवलेलं पान तसंच होतं. ओळख बाकी. पाचांपैकी चार नावं बाईंच्या लेखी संपली होती. पाचवं त्यांचं स्वतःचं. त्यांनी दादांच्या नावापुढचा 'ओळख द्या' हा चौकोन दाबला. समोर त्यांनीच लिहिलेली दोन वाक्यं आली. या व्यक्तीला मी प्रत्यक्ष ओळखते. त्यापुढे त्यांनी खूण केली. ही व्यक्ती माझी नातेवाईक नाही. तिथे हात थांबला.

"काय लिहिलंय?" दादा खुर्चीतून पुढे वाकले.

"काही नाही. नियम आहे एक."

"मग पाळ की. पाचला बंद होतं म्हणालीस ना?"

बाईंनी खूण केली. खाली एक रिकामी ओळ होती. कसे ओळखता? त्यांनी भराभरा लिहिलं, बाजारातले जुने शिंपी. आणि पाठवून दिलं. एकोणीस वर्षांत त्यांनी मंडळाच्या कागदावर एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं, आणि लिहिलं ते हे.

पान बदललं. लाल अक्षरं गेली, हिरवी आली. बाईंनी पुढचं काही वाचलं नाही. दादांना शेजारी ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "टाक नंबर." दादांनी एका बोटाने यंत्राचा नंबर टाकला. दार उघडलं. कापड घेतलं. पुन्हा कोणी काही विचारलं नाही, बटणं आली. पाळीव प्राणी नाही, कोड नाही, जाहिरात नाही. दोरा. टेम्पो. चार दुकानं, एक पासवर्ड, नऊ मिनिटं. पाचला दहा कमी असताना पडद्यावर आलं, उद्या सकाळी आठला माल घरी.

"एवढंच?" दादा म्हणाले. "अगं, एवढंच होतं तर दोन वर्षं काय चालवलं होतं या लोकांनी?"

बाई खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या. "अक्कल नाही म्हणून, दादा. एकालाही नाही."

दादांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. नवं दार त्यांना फार आवडलं होतं. ते सगळं नीट बघायचं होतं. आपल्या नावावर बोट ठेवून त्यांनी ते उघडलं आणि माप वाचावं तसं एकेक शब्द सुटा करून मोठ्याने वाचायला लागले.

"ओळख देणारे, दोन. पहिले, दोरेवाले. आज सकाळी, अकरा वाजून दहा मिनिटं."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. तिथे तसंच लिहिलं होतं. सकाळी त्या जिने चढत-उतरत होत्या, तेव्हाच झालं होतं. साडेदहाला उघडलेलं पान त्यांनी दिवसभरात एकदाही पुन्हा उघडून बघितलं नव्हतं.

"हो का!" दादा म्हणाले. "सकाळी मोबाइल वाजला होता खरा. मला वाटलं, कसलातरी कोड असेल." आणि पुढे वाचायला लागले. "नातेवाईक, नाही. कसे ओळखता? आपल्या बाईंचे दादा."

ते वाचून त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. आपल्या बाईंचे दादा. बाईंनी माऊसकडे हात नेला, पण दादांचा हात त्यावर होता.

"दुसऱ्या, चिटणीस. चार वाजून एक्केचाळीस मिनिटं. या व्यक्तीला मी प्रत्यक्ष ओळखते. ही व्यक्ती माझी..."

ते थांबले. मग उरलेले दोन शब्द त्यांनी नुसत्या ओठांनी वाचले. खालची ओळही वाचली, बाजारातले जुने शिंपी.

पंखा एकवर होता. बाईंना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. दिवसभर त्या जगाला नावं ठेवत जिने झिजवत होत्या. ज्याला सांगावंही लागलं नाही, त्याच्या दारावरून त्या नाक वर करून तीन वेळा गेल्या होत्या. आणि त्याने जे नातं सगळ्या बाजाराला दिसेल असं लिहून ठेवलं होतं, त्याच्याच खाली त्यांनी ते नाकारलं होतं. ते त्यांच्याच नियमाने कधी पुसलं जाणार नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेली सगळी तुच्छता त्या घटकेला त्यांच्याच वाट्याला आली.

"ठके," दादांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "या दोघांतलं खरं कोणाचं धरतात गं?"

दादांनी थोडी वाट पाहिली. मग चष्मा पुसून खिशात ठेवला, यादीची घडी घातली आणि उठले.

"असू दे. काम झालं ना," ते म्हणाले. "मी पुढे होतो. जाता जाता दोरेवाल्यांना भेटतो जरा."

गुडघा धरत ते एकेक पायरी उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. 'या, या, बसा' असं कोणीतरी म्हणालं. आवाज चिकटचाच असणार. बाईंनी तो इतक्या वर्षांत कधी नीट ऐकलाच नव्हता. पाच वाजले. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पंखा बंद केला, पर्स खांद्याला लावली आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या. इमारतीला जिना एकच होता.